लक्ष्मीपूजनाचा रकाना

बाबा, तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी झालेली तुमची नात आज चरोद्याला तिच्या बापाकडे आहे, आणि स्मृती नगरच्या या घरात मी सकाळपासून तीनदा गॅस बंद आहे का ते पाहून आले. चहासुद्धा केलेला नाही. समोर बारा पानांचा पेरेंटिंग प्लान पडला आहे. तुमच्या काळी नवरा-बायकोचं पटलं नाही तर बायको भंडाऱ्याला माहेरी जायची आणि मामा तिला परत आणून सोडायचा. आता दुर्गच्या कोर्टात बसून लेकरू कोणत्या वारी कोणाकडे जेवेल ते टाइप करून घेतात. शाळेचे दिवस माझ्याकडे, त्याची ड्यूटी नसेल तो शनिवार-रविवार त्याच्याकडे, ने-आण सिविक सेंटरला आइस्क्रीमच्या दुकानासमोरून. खोकल्याचं औषध कोणी पाजायचं यावरही एक कलम आहे. सगळं जमलं. अडलं ते लक्ष्मीपूजनावर.

समझोता करवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “एक साल आप, एक साल वो.” मी म्हटलं, “मॅडम, दिवाली है, किराये की साइकिल नहीं.” त्या हसल्या, तो हसला नाही. तो मालगाडीचा गार्ड. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, डबा तोच, शेवटचा. “सहा सालानंतर लक्ष्मीपूजनाले घरी आहो मी,” तो म्हणाला. “एक शाम मांगून राहिलो. कावून अडून राहिली तू?” तोंडाने मी कधी कमी पडले नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हटलं, “सहा सालं दिवाळी केली कोणी? तुह्या सिग्नलनं?” मॅडमनी पेन खाली ठेवला आणि लेकीला आत बोलावलं. बेटा, तुम्हें क्या लगता है? तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. “त्या दिवशी पापाची ड्यूटी पक्की नाही ना?” एवढंच विचारलं. उद्या अकरा वाजता सही आहे. तो एक रकाना भरला नाही तर सगळा प्लान मोडतो, आणि लेकीला तारखेमागून तारीख त्याच खोलीत बसून तोच प्रश्न ऐकावा लागेल.

तिचं ते विचारणं ऐकल्यापासून मी आपल्या सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आहे. मी नऊ वर्षांची. दिवाळी होऊन तीन दिवस झालेत, आणि आज तुमचा ऑफ म्हणून आज आपल्याकडे लक्ष्मीपूजन. आई करंज्या तळते आहे आणि बोलते आहे, “तुमच्यासाठी अलग पंचांग छापून राहिले का?” पोलाद कारखान्यातले केरळचे, बिहारचे, ज्यांची गावं लांब त्यांना घरी जाता यावं म्हणून दरवर्षी त्यांची शिफ्ट तुम्ही घ्यायचे. “आपलं काय, भंडारा. केव्हाही जाता येते.” आपण कधी गेलो नाही, तो भाग वेगळा. अख्ख्या ब्लॉकसमोर आपला एकटा अनार उडतो, आणि वरच्या मजल्यावरच्या आंटी गॅलरीतून विचारतात, “अरे, आपकी दिवाली आज है?” मी हातातली फुलबाजी खाली टाकते. “मले नाई पाहिजे शिळी दिवाळी.” तुम्ही रागावत नाही, हीच तर पंचाईत. “पोरी, भट्टीले दिवाळी नाई समजत. ते थंडी पडली का खतम,” म्हणून ती फुलबाजी उचलता, शर्टाला पुसता आणि स्वतःच पेटवून उभे राहता, शेवटच्या ठिणगीपर्यंत, कोणी ड्यूटी लावल्यासारखे. माझ्या त्या ‘शिळ्या दिवाळी’ची माफी मी कधी मागितली नाही. उलट कॉलेजात विनोद म्हणून सांगत फिरले. लोक हसायचे.

वकील मला म्हणतो, “तुमची बाजू मजबूत आहे, कोर्ट ऐकेल.” बाजू मजबूत आहे म्हणूनच एका जागी बसवत नाही. सगळ्यांना सांगितलं, लेकीसाठी भांडते आहे. लेकीने तर मला काहीच मागितलेलं नाही. आत्ता रकान्यात लिहून टाकलं, ‘यंदा वडील’. मोठेपणा समजू नका, अक्षर बघाल तर कळेल, किती दाबून लिहिलंय. हे पत्र जुन्या मसुद्याच्या कोऱ्या पाठीवर आहे, त्याच्यासोबतच फाटेल. दिवाळीची मला एवढी हौस कधीच नव्हती, बाबा. त्याला लक्ष्मीपूजनाची सुट्टी मिळाली आणि तुमच्या वाट्याला ती माझ्या अख्ख्या लहानपणात एकदाही आली नाही, एवढंच मला सहन होत नाहीये.