चिथावणी कोणी दिली?

मंगळवार, दि. १४

ती. आईंना नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमची कंबर कशी आहे? छकुलीचा खोकला उतरला का? तिने कितीही तोंड फिरवलं तरी औषध पाजाच. तुमच्यापुढे तिचे लाड फार चालतात.

मला दोन-चार दिवस यायला जमणार नाही. जेवण वेळेवर मिळतं. जागा जरा अडचणीची आहे, पण आम्ही सगळ्या एकत्र आहोत, त्यामुळे गप्पांना तोटा नाही.

संपाचं तुम्हाला ठाऊकच आहे. अख्ख्या वॉर्डाला एक नर्स. एका पेशंटला सलाइन लावावं, तोवर दुसरा खाटेवरून पडतो. अर्ज करून थकलो. शेवटी रीतसर नोटीस दिली, तर सरकारचा हुकूम आला: दवाखाना ही अत्यावश्यक सेवा, इथे संपाला बंदी. संप केला तर अटक, आणि चिथावणी देणाऱ्याला जास्त शिक्षा. तुम्ही म्हणालात, "पुढेपुढे करू नकोस गं बाई." मी हो म्हणाले होते.

तरी काल फाटकाशी बसलो. अतिदक्षता आणि बाळंतपणाच्या वॉर्डातल्या नर्स कामावरच ठेवल्या. मोठ्या सिस्टरांनी बजावलं होतं, "एकाही पेशंटला काही झालं, तर मीच तुम्हाला पोलिसात देईन." त्यांची निवृत्ती तोंडावर आलीय. पेन्शनवर पाणी सोडायची तयारी ठेवून त्या पहिल्या रांगेत.

दुपारी पोलीस आले. फौजदारसाहेबांनी हुकूम वाचला आणि विचारलं, "चिथावणी कोणी दिली?"

मोठ्या सिस्टर गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. त्या उभ्या राहायच्या आत मागून आवाज आला, "मी."

आई, कोण होती सांगू? आमचा ससा! डॉक्टर नुसते खाकरले तरी जिच्या हातून ट्रे पडतो, ती. ओठ पांढरे पडलेले, पण उभी. मग तिच्या शेजारची, "मी." मग पलीकडची. फाटकापासून औषधांच्या खिडकीपर्यंत बायका उठत गेल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही, नुसतं "मी", "मी". माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ह्यांच्याबरोबर मी रोज जेवते, ड्यूटीवरून भांडते. आणि ह्या एवढ्या मोठ्या आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं! वरच्या खिडक्यांत पेशंट येऊन उभे राहिले होते. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

त्यातला एक "मी" अगदी ओळखीचा वाटला. तो माझाच होता.

आम्ही कोठडीत आहोत, आई. एवढं सांगायला इतकं पाल्हाळ लावलं. कागद इथल्या पोलीसबाईंनी दिला. त्यांची धाकटी आमच्याच दवाखान्यात जन्मली. आज दुपारी कोर्टात उभं करतील. वकील म्हणतात, जामीन होईल, पण कायदा आपल्या बाजूचा नाही. कामावरून निलंबित केल्याचं तर आजच कळवलं. नव्या नर्स भरायची बोलणी सुरू झालीत म्हणे. खरं किती, देव जाणे.

तुम्हाला दिलेला शब्द मोडला, त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा कोणी विचारलं तर तेच सांगेन.

छकुलीला खोटं सांगू नका. आई कुठे आहे ते सांगा, आणि शेजारणी ऐकत असल्या तरी आवाज खाली करू नका.

एरवी खाली 'आज्ञाधारक' लिहिते. आज तेवढा शब्द गाळते.

तुमचीच,
सून