एकोणीस मुलं परीक्षेला बसली

गोंदिया,
ता. १४ जून १९३६, रविवार

बाई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. इथे सर्व ठीक. माझा गुडघा आता दुखत नाही. भाऊजींचा खोकला कमी झाला का? धानाच्या पऱ्ह्यांची, रोपांची बांधी नांगरून झाली असेल. तू सावकाश वाचतेस, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे.

काल नागपूरहून मॅट्रिकचा निकाल आला. आमच्या शाळेची अकरा मुलं पास झाली. अकरा, बाई. शाळा निघाल्यापासून एका साली सहाच्या वर कधी गेली नव्हती. आणि आजवर पास होत ती कोणाची मुलं? वकिलांची, धानाच्या व्यापाऱ्यांची, रेल्वेच्या बाबूंची. यंदा त्यांच्या जोडीला प्रतापगडाच्या पायथ्याचा सुखराम मडावी आहे. घरात गोंडीशिवाय बोलणं नाही, पण इंग्रजीत तो पहिला आला. आपल्या पोवारांतले तिघं आहेत. आणि भोजराज मेश्राम आहे, महाराचा मुलगा. शाळेत आला तेव्हा त्याला दाराशी वेगळा बसवत. त्याला मी बाकावर घेतला, तेव्हा दोन घरांनी आपली मुलं काढून नेली होती.

हे सुखासुखी झालं नाही. हिवाळ्यात शाळेची चाचणी झाली. मॅट्रिकच्या वर्गात एकोणीस मुलं. कमिटीचे सेक्रेटरी चुन्नीलालजी मला म्हणाले, "मास्टरजी, पहले छह भेजो. छह के छह पास होंगे. हर साल सौ टका आता है, पूरे जिले में नाम है."

मी विचारलं, "और बाकी?"

"बाकी देहात के हैं. घर जाके खेती करेंगे."

दुसऱ्या दिवशी भोजराज माझ्यापुढे येऊन उभा राहिला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. म्हणाला, "गुरुजी, नापास झालो तं मी होईन. शाळेचं का जाते? मंग मले बसू काऊन नाई देत?"

परीक्षेच्या अर्जावर हेडमास्तर म्हणून सही माझीच लागते. मी एकोणीसही अर्जांवर सही केली. मग रोज पहाटे वर्ग घेतले. मुलं खोल्यांवर भात रांधून, तोंडात घास कोंबत यायची.

आता बाजारात बोलतात की शंभर टक्क्यांची शाळा अठ्ठावन्नावर आली. हिशेब खरा आहे. पण काल भोजराजचा बाप आला, ते तुला सांगितलंच पाहिजे. पोरगा खरंच पास झाला म्हणून सांगितलं, तर त्यानं पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मला बाजूला नेऊन हळूच विचारतो, "गुरुजी, आता याले मी अरेतुरे करू का नको?" मी म्हटलं, "कर रे बाबा, तू बाप आहेस." घरी आलो आणि एकटाच हसत बसलो. डोळेही पुसले.

इतकं लिहिलं आणि तुझ्या मुन्नालालबद्दल काही नाही, हे तुझ्या केव्हाच ध्यानात आलं असेल.

तो गणितात गेला, बाई. थोडक्यात गेला, पण गेला.

आणखी एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. चाचणीत मुन्ना सहावा होता. चुन्नीलालजींचं ऐकलं असतं, तर माझा सगळा वेळ त्या सहांना मिळाला असता, आणि तुझा मुलगा आज पास असता. तू त्याला माझ्या भरवशावर इथे ठेवलं होतंस. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी सही केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. तुला हे कसं वाटेल, ते मला कळत नाही.

काल निकाल पाहायला तोच गेला होता. घरी यायच्या आधी तो भोजराजच्या वस्तीत धावत गेला आणि त्याला सांगून आला. मग दारात उभा राहून मला म्हणाला, "मामा, भोजराज पास आहे. सुखरामही आहे. मी नाही." मी इतक्या वर्षांत इतकी मुलं पाहिली, पण असा मुलगा माझ्या हाताखालून दुसरा गेला नाही. पुढल्या साली पुन्हा बसतो म्हणतो आहे.

मी मात्र तेव्हा हेडमास्तर नसेन. कमिटीनं आज सकाळी ठरवलं. जुलैपासून नवे गृहस्थ येतील, मी पाचवीला शिकवीन. माझी तक्रार नाही. खेड्यांतली माणसं आतापासूनच मुलांना घेऊन दारात येऊन राहिली आहेत, नाव कसं घालायचं ते विचारायला. त्या मुलांना पाचवीतच घ्यायचं आहे. म्हणजे ती आधी माझ्याच हाती येतील.

मुन्ना उद्याच्या मोटारीनं निघेल, हे पत्र त्याच्याजवळच देतो. त्याला आधी जेवू घाल, मग वाच. राग आला तर तो सगळा माझ्या नावानं लिहून पाठव, त्याच्यावर काढू नको. तो मान वर करून येतो आहे. ती तशीच राहू दे.

तुझा धाकटा भाऊ,
घनश्याम