पाऊण लिटरचा तांब्या

ऊसतोडीचा तळ, सांगलीकडे
४ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप अक्कास, धाकट्या भावाचा, शहादेवचा दंडवत.

आम्ही धडधाकट आहोत. तुझ्या नातीला, मुक्ताला, तीन दिवस जुलाब झाले होते; आता भाकरी मागते. गावात आष्टीकडून पाण्याचा टँकर येतो का?

इथे एका संस्थेच्या बाई तळावरच्या बायकांना आरोग्याचं शिकवतात. तुझी सून शिवकन्या रोज जाते. मुक्तासाठी मीठ-साखरेचं पाणी मात्र मी केलं. शाळा फार शिकलो नसलो तरी मापात मी चुकत नाही: तांब्याभर म्हणजे लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

शिवकन्येनं ते सगळ्यांदेखत ओतून दिलं.

"मामा, तुमचा तांब्या पाऊण लिटरचा हाय. लेकराला खारट पाजता व्हय?"

बाया लई हसल्या. मी दूधवाल्याच्या मापानं तीनदा मोजलं. पाऊणच भरला.

हंगाम संपल्यावर शिवकन्येसाठी बीडला त्याच संस्थेचं पंधरा दिवसांचं पुढचं शिक्षण आहे. मग वस्तीतल्या बायकांना हीच शिकवील. "सुनेनं एकटीनं परगावी राहायचं न्हाई," हे तुझं बोलणं तिच्या ध्यानात आहे, म्हणून ती विचारणार नाही. मी विचारतो. जाऊ दे तिला. मुक्ताला मी सांभाळीन.

नाही म्हणायचं असेल, तर मला लिही. तिला नको.

तुझा,
शहादेव