कुवेतचं पाणी

आई, तू होतीस तोवर हे बोलायची सोय नव्हती, म्हणून आता लिहिते.

कुवेतमध्ये आपण राहायचो त्या फिंतासला ओळखीतल्या प्रत्येक बाईचे केस गळायचे आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, इथलं पाणी वाईट. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात, दुसरं काय होणार! तूही तेच सांगायचीस, आणि ते तुझ्या पथ्यावर पडायचं. भाजी खारट झाली की पप्पा तुझी वेणी मनगटाला गुंडाळून तुला फरशीवरून ओट्यापर्यंत ओढत न्यायचे. पाण्याच्या नावावर सगळं खपायचं.

शेजारणीच्या आग्रहानं तू बनेद अल-गारच्या मराठी डॉक्टरीणबाईंकडे गेलीस, मी सोबत. बाईंनी ताप, बाळंतपण, पाळी, खाणं विचारलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. मग ठिकठिकाणची बट चिमटीत धरून हलकेच ओढली. हाताला फारसं काही आलं नाही. उजव्या कानामागे मात्र रुपयाएवढी मोकळी जागा, तिच्यात आखूड-लांब तुटके केस आणि खपली.

"अहो, पाण्यानं गळले तर सगळीकडून विरळ होतील. पाणी काय कानामागेच साचतं?"

"वेणी घट्ट घालते मी."

"पप्पा पुल्स इट," मी म्हटलं.

तू माझ्या थोबाडीत मारलीस. बाईंनी तुझा हात धरला. "तिला कशाला मारता? केस येतील परत, पण ओढणं थांबलं तरच. मुळं मेली की माझ्याकडे औषध नाही."

घरी येऊन तू शिवणाच्या कात्रीनं वेणी कापलीस. संध्याकाळी पप्पा ड्यूटीवरून आले तेव्हा पोळ्या चालल्या होत्या. त्यांचा हात सवयीनं तुझ्या मानेमागे गेला, धरायला काही सापडेना, म्हणून त्यांनी गळा धरला. तुझे डोळे पांढरे व्हायला लागले. तू चाचपडत तवा उचललास आणि त्यांच्या मनगटावर दाबलास. चर्र झालं, कातडं करपल्याचा वास सुटला. ते गुरासारखे ओरडत गुडघ्यांवर आले तरी तू दाबूनच धरलास.

"परत हात लावलास तर तोंडावर ठेवीन." जन्मात पहिल्यांदा तू त्यांना अरे-तुरे केलंस.

त्यांनी परत हात लावला नाही. तू गेलीस तेव्हा तुझ्या उशाशी बसून हमसून रडले, आणि लोक म्हणाले, केवढी माया!

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तू तवा उचललास तेव्हा मला भीती वाटली नाही. तू तो खाली ठेवलास, तेव्हा मात्र वाईट वाटलं.