डब्यातलं कार्ड

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं खरमरीत पत्र मिळालं. माझ्या कर्जाला तू जामीन राहिलीस आणि बँकेचा माणूस तुझ्याच शाळेत येऊन, आणखी एक हप्ता चुकला तर बाईंच्या पगारातून कापू, असं मुख्याध्यापकांसमोर सांगून गेला, हे वाचून घास उतरला नाही. (हे पूर्ण खरं नाही. दोनदा वाढून घेतलं.)

चूक माझीच. व्यायामाची सायकल, दुर्बीण आणि पाठ चेपणारी खुर्ची मी कार्डावर घेतली. कार्डाचं फेडायला कर्ज काढलं. आता सायकलवर टॉवेल वाळतात आणि दुर्बिणीतून समोरच्यांचे टॉवेल दिसतात. खुर्चीने पाठ धरली, ती वेगळीच. कार्ड अजून खिशात आहे आणि काल मी एका पंख्याच्या दुकानासमोर अकरा मिनिटं उभा होतो (डायरीत नोंद आहे), हेही सांगून टाकतो.

रागव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ

९ मार्च
चि. डायरीबहाद्दरास,
अ. आ.

अकरा मिनिटं मोजलीस, हप्ते मात्र मोजले नाहीस! आता ऐक. कार्ड पाण्याच्या डब्यात बुडव आणि डबा फ्रीजरमध्ये गोठव. काही घ्यावंसं वाटलं तर बर्फ वितळायला पाच-सहा तास लागतील. तेवढा वेळ तुझी हौस टिकत नाही, हे मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून बघतेय.

हप्ता वीस तारखेला आहे. वहिनीला वेगळं पत्र टाकलंय : घरात जे नसलं तरी चालेल ते विकून टाक, माझा भाऊ सोडून.

तुझे भावोजी म्हणतात, भाऊही विकायला हरकत नाही. घेणार कोण, एवढाच प्रश्न.
ताई

१६ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्ड गोठलं. बर्फातून नंबर वाचता येत नाही. पाठ आहे का ते आठवून पाहिलं, नव्हता. मग आठवून का पाहिलं म्हणून रात्रभर अपराधी वाटलं.

एक गोष्ट मात्र टोचतेय. लाजेपोटी हिला डब्याचं काही सांगितलं नाही. मी दिवसातून आठ वेळा फ्रीज उघडून डबा बघतो, तेव्हा काल ही वैतागून म्हणाली, सारखं उघडून बघता काय, आहे काय त्यात? मी म्हटलं, काहीच नाही. डायरीत हे ‘खोटं’ या सदरात लिहिलंय.

तुझ्या धाकात असलेला,
भाऊ

२१ मार्च
ती. ताईस,
घाईत सा. न. वि. वि.

हप्ता भरला! तुझा पगार वाचला. पण हिने पैसे आणले कुठून माहीत आहे? फ्रीज विकला. सायकल, दुर्बीण, खुर्ची कुणी फुकट नेईना. ही म्हणाली, आत काहीच नाही असं तुम्हीच म्हणालात, मग रिकाम्या कपाटाचं वीजबिल कशाला भरायचं?

फ्रीज कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने घेतला, डब्यासकट. मी घरातल्या चपला घालूनच धावलो. दाढी करताना कुणाला तरी कापलं होतं, लावायला बर्फ हवा होता, म्हणून सलूनवाल्याने गोळ्यावर हातोडी घातली होती. कार्डाचे दोन तुकडे! तो बिचारा माफी मागायला लागला आणि मी त्याला मिठी मारली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी आरशातून बघत राहिलं. भरपाई म्हणून त्याने माझे केस फुकट कापले. ते घेणं बरोबर होतं का, सांग.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की दूध उतू गेलं. फ्रीज नसल्याने ते चौथ्यांदा तापत होतं.

नवं कार्ड मागवायचं का?
तुझा (नीटनेटका) भाऊ

२७ मार्च
चि. नीटनेटक्यास,
अ. आ.

खबरदार मागवलंस तर! पण वहिनीने तुझ्यापायी चार वेळा दूध तापवावं, हे माझ्याच्याने बघवेना. शनिवारी बाजारात गेले होते सुया आणायला. दुकानात एक फ्रीज इतका देखणा होता की राहवलंच नाही. हप्त्यांवर घेतलाय. सोमवारी तुझ्या घरी येईल.

दुकानदार जामीन मागतो. तुझं नाव दिलंय. भावोजींना सांगू नकोस.

सांभाळून घे.
ताई

२ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फ्रीज पोचला. ही अजून त्याच्या दारावरून हात फिरवतेय. कागदांवर सही केली. दुकानासमोर तू किती मिनिटं उभी होतीस, ते उलट टपाली खरं खरं कळव.

आणि रविवारी ये. येताना तुझं कार्ड आण. डबा सलूनवाल्याकडून परत आणून, घासून, पाणी भरून ठेवलाय.

लोभ बिनव्याजी चालू ठेवावा.
तुझा भाऊ आणि जामीन