जिंकलेला सामना हरलेला धरला

उंद्री, सोमवार

चि. उद्धव यास,
आशीर्वाद आहेतच, पण आज राग त्यांच्या पुढे आहे.

रविवार, २ डिसेंबर २०१२, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी स्पर्धा समितीचा अध्यक्ष म्हणून तू खामगावात उपांत्य फेरीचे चार संघ जाहीर केलेस. आमच्या कॉलेजच्या फुटबॉलच्या मुली त्यात नाहीत. का, तर शेवटच्या साखळी सामन्याला त्या उशिरा पोचल्या, म्हणून तो हरलेला धरला. अरे, समोरचा संघ थांबला, सामना झाला आणि आम्ही दोन गोलांनी जिंकलो!

उशीर झाला तो कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला म्हणून. ती रांग तुझ्याच जिनिंग मिलच्या फाटकाची होती, अध्यक्षसाहेब. पोरी जीपमधून उतरून मैदानापर्यंत पळत आल्या.

मी मजेत आहे. भार्गवीचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नकोस, बायको आहे तुझी.

परतताना आमची कप्तान गुलनाज म्हणाली, "मॅडम, आमी जिंकलो तरी बाहेर काऊन?" यंदा बीटी कापसाला बोंडं कमी, मजूर परवडत नाहीत, तरी तिच्या अब्बांनी स्पर्धेपुरतं तिला वेचणीतून सोडलंय. पुन्हा सोडतील असं वाटत नाही.

मी तिला सांगितलं, उद्या सरावाला ये.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत समितीच्या सहीचं लेखी उत्तर माझ्या हातात हवं. फोन उचलणार नाही. आणि शुक्रवारी उपांत्य सामना आहे, तेव्हा गाड्या रस्त्याच्या एका कडेला लाव. आम्ही वेळेवर येणार आहोत.

तुझी,
सुलभाताई