मामा मागे उभा

॥ श्री ॥
काष्टी, ता. श्रीगोंदा
३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आसाराममामा यांस,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तुम्ही विचारलंत की शेळी व्याली का. मी शेळीचं नावही काढलं नव्हतं. तुमचे कान आता सुट्टीवर गेलेत, म्हणून हा कागद.

आमच्या अंगणवाडीच्या सत्यशीलाबाई मे महिन्यात निवृत्त होतात. मी तिथं सोळा वर्षं मदतनीस आहे. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते, बाई रजेवर असल्या की गाणीही मीच घेते. बाईंनी सांगितलं की मी बारावी पास झाले तर सेविकेची जागा मला मिळू शकते. नाहीतर बाहेरून कोणी येईल आणि मी आहे तिथंच, चुलीपाशी. मामा, मला ती जागा पाहिजे. असं उघड म्हणायला लाज वाटते, पण तुमच्याशी काय लपवायचं.

बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. बाकीचे विषय मराठीत आहेत, ते ओढून नेईन. इंग्रजीनं मात्र नाकी नऊ आणलेत. वाक्य सुरू होतं तोवर कळतं, मग मधेच हू, व्हिच, दॅट येतं, शेपूट लांबत जातं आणि कोण काय करतंय तेच हरवतं. हे म्हणाले की मामांनी जन्मभर लोकांच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, आता जरा घरचीला शिकवू देत.

मामींना नमस्कार. या वयात विद्यार्थिनी झाले म्हणून लोभ कमी करू नये.

आपली,
मनकर्णा


पुणतांबा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मनकर्णा हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा आनंदानं, एकदा शुद्धलेखनासाठी. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, लाल पेन वाळून गेलं होतं. काल नवीन आणलं. तुझी मामी म्हणते की दवाखान्याच्या औषधापेक्षा या पेनानं म्हातारा लवकर उठला.

आधी ते शेपूट सोडवू. आपण मराठीत पुष्कळदा आधी वर्णन करतो आणि मग माणसं आणतो. रोज येणारी मुलं. इंग्रज आधी माणसांना हाक मारतो आणि ती कोणती, ते मागून सांगतो. चिल्ड्रन हू कम एव्हरी डे. मुलं पुढं, त्यांची ओळख मागं. लग्नात नवरी पुढं असते आणि मामा तिच्या मागं उभा असतो, तसं समज. पुढं अनेकजण असतील तर मागचं क्रियापदही अनेकांचंच लागतं. तिथं उगाच एस चिकटवलास तर मी लाल पेन काढलंच.

गाईडमधली वाक्यं पाठ करू नकोस. जी माणसं, जी जनावरं रोज दिसतात त्यांच्यावर पाच पाच वाक्यं कर आणि मला पाठव.

लग्नाचाच दाखला मला का सुचला, ते तुला ठाऊक आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी.

बन्सीरावांना आशीर्वाद. अभ्यास वाढावा, लोभ आहे तेवढा पुरे.

तुझा,
आसाराममामा


काष्टी
८ डिसेंबर २०२४

ती. मामांस, सा. न. वि. वि.

वाक्यं सोबत आहेत. गोट्स दॅट ईट पेपर, हे बाजारातलं. त्यातल्याच एकीनं माझ्या वहीचं पान खाल्लं, म्हणून तीन वाक्यं कमी भरतील. मेन हू सिट अंडर द ट्री ऑल डे, हे वाचून यांनी विचारलं की हे कोणावर आहे. मी सांगितलं की अनेकवचन आहे, एकट्यानं मनाला लावून घेऊ नये. त्या दिवसापासून हे झाडाखाली बसताना आधी मी कुठं आहे ते बघतात.

मदर्स हू गो टू कट केन, हे वाक्य मात्र मी दोनदा लिहिलं. दिवाळी झाली की आमच्याकडची तीन पोरं आजीच्या कडेवर यायला लागतात. आई कारखान्याच्या फडात. ती पोरं खिचडीपेक्षा माझ्या पदराकडं जास्त येतात. म्हणून मला ती जागा हवी आहे, मामा, नुसत्या खुर्चीसाठी नाही.

तुम्ही विषय काढून ठेवलाच आहे, तर मीच बोलते. सत्तावीस वर्षांपूर्वी बारावीचा इंग्रजीचा पेपर अकरा वाजता होता आणि माझं लग्न अकरा चाळीसला. स्थळ तुम्ही आणलं होतं, तारीखही तुम्हीच धरली होती. माझ्या हाताला हळद होती आणि हॉल तिकीट ट्रंकेत होतं. ते अजून तिथंच आहे, साड्यांच्या खाली. संसार चांगला झाला, यांच्याबद्दल तक्रार नाही. पण इंग्रजीचे मास्तर असून तुम्हाला तो पेपर आठवला कसा नाही, याचा राग होता. खरं सांगायचं तर थोडा अजून आहे.

लिहून टाकलं, आता हलकं वाटतं. लाल शाई वाक्यांनाच लावावी, मनाला नको.

मनकर्णा


पुणतांबा
२० डिसेंबर २०२४

चि. मने, आशीर्वाद.

बावीस वाक्यांत चारच चुका. झाडाखालचं वाक्य उत्तम, बन्सीरावांना माझी सहानुभूती कळव.

आता दुसरं. पेपर मला आठवत होता. त्या दिवशी माझी सुपरव्हिजनची पाळी होती, मी रजा टाकून मांडवात आलो होतो. शाळा मांडवापासून दोन शेतांवर होती आणि तेव्हा माझे कान शाबूत होते. पेपरची घंटा झाली ती मी ऐकली. थोड्या वेळानं अंतरपाट धरला आणि मी तुझ्या मागं येऊन उभा राहिलो. तुझ्या वडिलांना मीच सांगितलं होतं की मुलगा निर्व्यसनी आहे, विहिरीला पाणी आहे, असं स्थळ थांबत नाही, परीक्षा ऑक्टोबरला देता येईल. ऑक्टोबर आला तेव्हा मी काहीच बोललो नाही. गावोगावी मुलींच्या शिक्षणावर भाषणं देणारा माणूस मी. माझं चुकलं, मने. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

मामी म्हणते की आता पुरे, कागद ओला होतोय आणि शाई पसरतेय. पुढच्या वेळी कंपनीज, स्कूल्स अशा निर्जीव गोष्टींवर वाक्यं कर. माणसांवरची तुला फारच चांगली येतात.

तुझा राग राहू दे, लोभही राहू दे.

मामा


काष्टी
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस, सा. न. वि. वि.

परवा इंग्रजीचा पेपर झाला. केंद्र श्रीगोंद्यात होतं. माझ्या बाकावर शेजारी माझ्या लेकीपेक्षा, राजेश्वरीपेक्षाही लहान मुलगी. तिनं मला मॅडम समजून उठून जागा दिली आणि मी हॉल तिकीट काढल्यावर पेन तोंडात धरून बघत राहिली.

पहिली दहा मिनिटं नुसती प्रश्नपत्रिकाच वाचत बसले. मग वाक्यं जोडायचा प्रश्न आला आणि मी मनात म्हटलं की आधी हाक मार, मग ओळख सांग. सगळी जोडली. कुठंही एस चिकटवला नाही.

एक विचारायचं आहे. खिडकीतून रस्त्यापलीकडं चहाची टपरी दिसत होती. तिथं पांढरी टोपी आणि काखेत छत्री असलेलं कोणीतरी उभं होतं. पहिल्या तासाला दिसलं, शेवटच्या तासालाही तिथंच. तुमच्यासारखं वाटलं. पेपर देऊन धावत बाहेर आले तर कोणी नव्हतं. फेब्रुवारीत छत्री घेऊन फिरणारा माणूस मला एकच माहीत आहे. तुम्ही होता का?

खरं काय ते कळवावं, नाहीतर मी मामींना विचारीन.

मनकर्णा


पुणतांबा
२१ फेब्रुवारी २०२५

चि. मने, आशीर्वाद.

पेपर चांगला गेला हे वाचून पेढे आणले. निकालाआधी पेढे आणू नयेत असं मामी म्हणते, पण खाल्ले तिनंच जास्त.

त्या दिवशी मी घरीच होतो, असं माझं म्हणणं आहे. मामीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते की आदल्या दिवशी मी लिंबाची रोपं आणायला म्हणून श्रीगोंद्याकडं निघालो, नगरला पाहुण्यांकडं मुक्काम केला आणि पाय सुजवून रोपांशिवाय परत आलो. तू तिच्याकडं लक्ष देऊ नकोस. जगात पांढऱ्या टोप्या पुष्कळ आहेत.

बाकीच्या पेपरांना चष्मा पुसून बस.

तुझा,
मामा


काष्टी
९ जून २०२५

ती. मामांस, मनकर्णा सेविकेचा सा. न. वि. वि.

तुम्ही बरोबर वाचलंत. आज ऑर्डर हातात पडली. सत्यशीलाबाईंनी किल्ली आणि हजेरीवही माझ्याकडं दिली आणि स्वतःच रडायला लागल्या, मग मीच त्यांना खिचडी वाढली. फडावरून परतलेल्या आया दुपारी आल्या आणि पोरांना नवीन बाईंच्या पाया पडायला सांगितलं. पोरं म्हणाली की ही तर आपली मावशीच हाय. इंग्रजीत सत्तेचाळीस आहेत. यांनी आख्ख्या आळीला पेढे वाटले, झाडाखालच्या माणसांना आधी.

पण पत्र त्यासाठी नाही. गुणपत्रिका आणायला श्रीगोंद्याला गेले तेव्हा त्या टपरीवर मुद्दाम चहा घेतला आणि टोपीवाल्या बाबांबद्दल विचारलं. चहावाल्याला आठवत होतं. तो म्हणाला की लई उन्हाचं उभं हुतं म्हातारं, तीनदा स्टूल दिलं तरी बसलं न्हाई, म्हनलं की पोरगी आत हाय, मामानं बसायचं नसतं.

घरी येऊन ट्रंक उघडली. जुनं हॉल तिकीट काढलं आणि नव्या गुणपत्रिकेच्या मागं एकाच पिशवीत ठेवलं. माझा राग शोधला, तो काही सापडला नाही.

आजचं एकच वाक्य पाठवते, तपासून द्यावं.

अंकल्स हू स्टुड फॉर थ्री अवर्स मे सिट डाउन नाउ.

बसा आता, मामा.

तुमची,
मनकर्णा